डोंगर आणि घरं: पहिलं भावदर्शी निसर्गचित्र रंगवताना

डोंगराच्या चित्रात एखादं घर आलं की लगेच तीन गोष्टी ठरून जातात: डोंगर केवढा आहे, आपण कुठून बघतोय आणि इथे माणसं राहतात. म्हणून नव्याने रंगवायला लागलेल्यांना मी हा विषय आवर्जून सुचवतो. नुसता डोंगर रंगवला तर तो पटकन गुळगुळीत होतो, नुसत्या इमारती रंगवल्या तर त्या पट्टीने आखल्यासारख्या दिसतात. दोन्ही एकत्र आले की घरांच्या सरळ कडा डोंगराच्या ओबडधोबड अंगाला भिडतात आणि चित्राला आपोआप ताण येतो.

समोर दिसतंय ते जसंच्या तसं उतरवण्याऐवजी, बघताना जे वाटलं ते रंगांतून, आकारांतून आणि ब्रशच्या फटकाऱ्यांतून मांडायचं, ते भावदर्शी चित्र. त्यात डोंगर जांभळा असू शकतो, आकाश पिवळं असू शकतं, भिंती कलत्या असू शकतात. त्यामुळे इथे काहीही खपतं असं अनेकांना वाटतं. माझा अनुभव वेगळा आहे. रंग हवा तो घ्या, आकार हवा तेवढा ताणा, पण गडद-फिकटाचा हिशेब चुकवू नका. तो बरोबर असला तर निळं झाड आणि गुलाबी कडाही डोळ्याला पटतो. तो चुकला तर खरेखुरे रंग वापरूनही चित्र सपाट पडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीवर उभ्या आहेत.

सामान

सुरुवातीला ॲक्रिलिक रंग घ्या. ते लवकर वाळतात, त्यामुळे एका थरावर दुसरा थर लगेच देता येतो आणि न आवडलेला भाग झाकता येतो. साधारण ३० × ४० सेंमीचा कॅनव्हास बोर्ड पुरे. कागद वापरणार असाल तर ३०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) जाड कागद घ्या आणि त्यावर गेसोचे, म्हणजे रंग नीट धरावा म्हणून आधी लावायच्या पांढऱ्या अस्तराचे, दोन हात द्या.

रंग सातच घ्या: टिटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, सेरुलियन ब्लू, लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि क्रिमसन. काळा मुद्दाम घेतलेला नाही. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळले की फार सुंदर गडद रंग तयार होतो. निळा जास्त घातला तर थंड, तपकिरी जास्त घातला तर उबदार. डोंगराच्या सावल्या आणि घरांच्या काळोख्या खिडक्या दोन्ही या एकाच जोडीतून निघतात, त्यामुळे चित्र आपसूक एकजीव होतं.

ब्रश तीन: एक इंची फ्लॅट (चपट्या टोकाचा), अर्ध्या इंचाचा फ्लॅट आणि एक मध्यम राउंड (गोल, निमुळत्या टोकाचा). सोबत एक पेंटिंग नाइफ (रंग लावायची लवचीक पात्याची सुरी), पाण्याची दोन भांडी, जुनं कापड आणि रंगांवर अधूनमधून पाणी मारायला छोटा स्प्रे. ब्रशमध्ये ॲक्रिलिक वाळला की तो ब्रश गेलाच समजा, म्हणून हातातला ब्रश खाली ठेवताना पाण्यात बुडवा आणि काम संपल्यावर साबणाने धुवा.

आधी एक वाक्य

ब्रश हातात घेण्याआधी या दृश्यात तुम्हाला काय भिडलं ते एका वाक्यात लिहून काढा. ‘डोंगर गावावर झुकलाय.’ ‘उन्हात घरं पेटल्यासारखी दिसतायत.’ ‘एवढ्या थंड दगडात एकच ऊबदार छप्पर.’ पुढे जेव्हा जेव्हा काय ठेवायचं, काय गाळायचं असा प्रश्न पडेल तेव्हा हे वाक्य उत्तर देईल. पहिल्या वाक्यासाठी डोंगर प्रचंड हवा आणि घरं खाली दाटीने हवीत. तिसऱ्यासाठी बाकीची सगळी घरं राखाडीत बुडवावी लागतील. डोंगर आणि घरं यांपैकी मुख्य कोण, तेही इथेच ठरतं. दोघांना सारखं महत्त्व दिलं की नजर कुठेच ठरत नाही.

फोटोवरून काम करत असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. फोनचा नेहमीचा कॅमेरा रुंद कोनातून बघतो. त्यामुळे प्रत्यक्षात समोर उभा ठाकलेला डोंगर फोटोत दूरचा उंचवटा होऊन बसतो. चित्रात तो निःसंकोच मोठा करा. दीडपट केलात तरी अतिशयोक्ती वाटणार नाही, उलट तिथे उभं राहून जसं वाटलं होतं त्याच्या तुम्ही जवळ जाल. फोटोतल्या सावल्याही डोळ्याला दिसतात त्यापेक्षा काळ्या येतात. त्यांच्यात रंग असतो, तो तुम्हाला घालावा लागेल.

तीन छटांचे छोटे आराखडे

आता काडेपेटीपेक्षा थोडे मोठे चार-पाच चौकोन काढा आणि मऊ पेन्सिलीने किंवा मार्करने दृश्य फक्त तीन छटांत मांडा: कागदाचा पांढरा, मधला राखाडी आणि काळा. खिडक्या, फांद्या, कौलं काही नको. फक्त मोठे आकार. या कामाला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि चित्राचं निम्मं यश इथेच ठरतं, तरी नवखे लोक हीच पायरी गाळतात.

छटा ठरवताना एक सोपा नियम मदतीला येतो. सर्वसाधारण दिवसाच्या उजेडात आकाश सगळ्यांत फिकट असतं. त्याखालोखाल सपाट जमीन, कारण तिच्यावर पूर्ण आकाशाचा उजेड पडतो. डोंगराचा उतार तिच्याहून गडद, आणि झाडं, भिंती, कडे अशा उभ्या गोष्टी सगळ्यांत गडद. हा नियम तीन ठिकाणी मोडतो: बर्फ असेल तेव्हा, पांढऱ्या भिंतीवर थेट ऊन पडलेलं असेल तेव्हा आणि सूर्य खाली कललेला असेल तेव्हा. सूर्य खाली आला की उभ्या भिंती एकदम उजळतात आणि जमीन काळवंडते. नेमकी ही वेळ घरांच्या चित्रासाठी सोन्यासारखी असते.

आराखड्यात सूर्याची दिशा बाणाने दाखवा. मग सगळ्या घरांची त्या दिशेची बाजू उजेडात आणि उलट बाजू सावलीत. दोन घरांवर दोन दिशांनी ऊन पडलं की चित्र लगेच खोटं वाटतं, मग रंग कितीही धीट असोत.

सावल्या एकमेकींना जोडा. घराची सावलीतली भिंत, तिच्यामागचं झाड आणि जमिनीवर पडलेली सावली हे तीन वेगळे तुकडे न ठेवता एकच गडद आकार करा. चित्रात असे तीन-चार मोठे गडद आकार असले की बस. तुकड्यातुकड्यांची चित्रं बहुधा याच ठिकाणी बिघडलेली असतात.

शिखर मधोमध ठेवू नका आणि दोन्ही उतार सारखे करू नका. एक बाजू लांब आणि निवांत, दुसरी आखूड आणि तीव्र. डोंगराच्या सोंडा, ओहोळ, पायवाटा यांच्या रेषा घरांच्या दिशेने खाली आणल्या की नजर आपोआप घरांपर्यंत पोचते.

घरं उतारावर बसवणं

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण डोंगरातली घरं इथेच फसतात.

क्षितिजरेषा म्हणजे तुमच्या डोळ्यांची पातळी. डोंगराच्या माथ्याची रेषा वेगळी आणि क्षितिजरेषा वेगळी. तुम्ही दरीत उभे असाल तर ती चित्रात खाली येईल, समोरच्या टेकडीवर असाल तर गावाच्या वरून जाईल. कागदावर ती हलक्या हाताने आखून घ्या. तिच्या वरच्या घरांच्या छपरांच्या आणि खिडक्यांच्या आडव्या रेषा लांब जाताना खाली, क्षितिजरेषेकडे उतरतात. तिच्या खालच्या घरांच्या रेषा लांब जाताना वर चढतात. खालच्या घरांची छपरं वरून दिसतात, वरच्या घरांच्या वळचणी खालून दिसतात. जमीन कितीही तिरकी असली तरी भिंतींच्या आडव्या रेषा या क्षितिजरेषेलाच बांधलेल्या असतात, उताराला नव्हे.

उतारावरच्या घराची वरची कड आडवी असते, खालची कड मात्र जमिनीबरोबर तिरकी जाते. म्हणजे एकाच घराची दरीकडची भिंत उंच आणि डोंगराकडची आखूड दिसते. हा एक तपशील बरोबर आला की घर डोंगरात रुजल्यासारखं वाटतं. तो चुकला तर घर उतारावर नुसतं टेकवल्यासारखं दिसतं, आणि मग त्याखाली कितीही गवत काढलं तरी उपयोग होत नाही.

एवढं समजलं की मग वाकवा. भावदर्शी चित्रात भिंत कलू शकते, छप्पर जास्त उभं होऊ शकतं, दोन घरं एकमेकांवर रेलू शकतात. पण सगळी घरं एकाच भावनेने वाकू देत. डोंगराच्या वजनाखाली दबली असतील तर सगळी थोडी बसकी करा. वाऱ्याला तोंड देत असतील तर सगळ्यांचा कल एका दिशेला घ्या.

घरांची संख्याही कमी करा. चाळीस घरांच्या वस्तीसाठी सात-आठ नीट रंगवलेली घरं आणि मागे छपरांचे काही ठिपके पुरतात. घरांचे आकार लहान-मोठे ठेवा, त्यांच्यातली अंतरंही असमान ठेवा. डोंगर जितका मोठा भासवायचा असेल तितकी घरं लहान करा.

थोडं इतरांचं बघा

या विषयावर खूप थोर काम झालेलं आहे आणि ते बघितल्याने हात मोकळा होतो. फ्रेंच चित्रकार पॉल सेझानने १८८५-८६ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या गार्दान गावाची चित्रं केली. टेकडीवर चढत गेलेली घरं त्याने घनांसारखी मांडली: एक पृष्ठ उजेडात, एक सावलीत, तपशील जवळजवळ नाहीच. साँत-व्हिक्त्वार हा तिथलाच डोंगर तर त्याने पुन्हा पुन्हा रंगवला.

१९०८ च्या उन्हाळ्यात गाब्रिएले म्युंटर, वासिली कँडिन्स्की, मारियाने वेरेफकिन आणि अलेक्सेई याव्हलेन्स्की हे चौघे चित्रकार जर्मनीच्या बव्हेरियातल्या मुर्नाउ गावात एकत्र रंगवत होते. म्युंटरच्या तिथल्या चित्रांत मागे निळे डोंगर, पुढे रंगीत घरं आणि भोवती जाड गडद रेघ दिसते. काचेच्या मागच्या बाजूने रंगवायच्या तिथल्या लोककलेचा त्या काळात तिच्यावर प्रभाव पडला होता. जर्मन चित्रकार एर्न्स्ट लुडविग किर्शनर १९१७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या दावोस परिसरात राहायला गेला आणि त्याने आल्प्सचे उतार गुलाबी, जांभळे, हिरवे केले. रशियन चित्रकार निकोलस रोरिक १९२८ पासून कुलू खोऱ्यातल्या नग्गरला राहिला. त्याच्या टेम्पेरातल्या (पाण्यात कालवायच्या, लवकर वाळणाऱ्या रंगांतल्या) हिमालयाच्या चित्रांत मोजक्या सपाट छटांचे अवाढव्य डोंगर आणि त्यांच्या कुशीत इवलासा मठ असतो.

पहिल्या चित्रासाठी म्युंटर किंवा रोरिक यांचा मार्ग धरा असं मी सांगेन. एकीत रेघ आकार सांभाळते, दुसऱ्यात छटांचे थर सांभाळतात. किर्शनरच्या रंगांची ओढ सगळ्यांना लागते, पण तिथपर्यंत दोन-चार चित्रांनंतर गेलेलं बरं.

तळरंग आणि रेखाटन

पांढऱ्या पृष्ठभागावर प्रत्येक रंग गडद भासतो आणि हात बिचकतो. म्हणून आधी बर्न्ट सिएना किंवा यलो ऑकर थोडा पातळ करून सगळीकडे एक हात फिरवा आणि पूर्ण वाळू द्या. नंतर हा ऊबदार रंग फटकाऱ्यांच्या मधून जागोजागी डोकावतो आणि थंड निळ्या डोंगराला जिवंत करतो. रंग पातळ करताना पाणी बेताने वापरा, कारण ॲक्रिलिकमध्ये पाणी फार झालं की रंग धरून ठेवणारं माध्यम कमजोर होतं.

आवडलेला आराखडा आता राउंड ब्रशने, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएनाच्या मिश्रणात मोठा उतरवा. पेन्सिल टाळा. पेन्सिलीने काढलं की आपण पुढे चित्रकथेसारखे चौकोन भरत बसतो. डोंगराची बाह्यरेषा एका दमात, खांद्यापासून हात हलवून काढा.

आधी गडद, मग डोंगर

पहिल्यांदा सगळे गडद आकार भरा: सावलीतल्या भिंती, झाडांचे पुंजके, कड्यांच्या खाचा. मोठा ब्रश वापरा. यानंतर दोन पावलं मागे जाऊन डोळे किलकिले करून बघा. आराखड्यात होता तोच सांगाडा दिसतोय का? नसेल तर आत्ताच दुरुस्त करा.

मग आकाश. फार वेळ घालवू नका, पण ते डोंगराच्या कडेपर्यंत नेऊन थांबवू नका, थोडं आत शिरू द्या. नंतर डोंगराचा रंग त्यावरून येईल आणि कडेला पांढरी फट राहणार नाही.

डोंगर रंगवताना अंतर कसं दाखवायचं हा मुख्य प्रश्न. आपल्या आणि डोंगराच्या मध्ये हवा असते आणि ती निळा प्रकाश जास्त विखुरते. म्हणून दूरचा डोंगर निळसर दिसतो, हे लिओनार्दो दा विंचीनेही आपल्या टिपणांत नोंदवलेलं आहे. पण निळेपणापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे: दूर जाताना गडद छटा फिकट होतात, गडद आणि फिकट यांच्यातला फरक कमी होतो आणि कडा मऊ होतात. त्यामुळे दूरचा डोंगर तुम्ही तांबडासुद्धा रंगवू शकता, फक्त त्यातली सगळ्यांत गडद जागा पुढच्या घराच्या सावलीपेक्षा स्पष्टपणे फिकट हवी. दूरच्या बर्फाचं मात्र उलट होतं. पांढऱ्यातला थोडा निळा प्रकाश वाटेत विखुरला जातो, म्हणून उन्हातला लांबचा बर्फ किंचित पिवळसर, मलईसारखा दिसतो. व्हाइटमध्ये ऑकरचा कण घालून बघा, नुसत्या पांढऱ्यापेक्षा तो जास्त उजळ वाटेल.

तीन पट्टे ठरवा: मागचा डोंगर, मधला डोंगर, घरांचा उतार. प्रत्येकासाठी पॅलेटवर आधीच रंगाचा एक ढीग तयार करा आणि त्यातच थोडा निळा, थोडा क्रिमसन, थोडा ऑकर मिसळून छटा काढा. प्रत्येक फटकाऱ्याला नवा रंग बनवत बसलात तर पट्टे विस्कटतात. ॲक्रिलिक वाळल्यावर किंचित गडद होतो, तेव्हा मागच्या डोंगरासाठी वाटतं त्याहून थोडा फिकट रंग बनवा.

ब्रश डोंगराच्या अंगाने चालवा. कड्यावर फटकारे उभे, उतारावर पाणी वाहील त्या दिशेने तिरके, पायथ्याशी आडवे. वाटलेली भावना इथे हातातून उतरते. शांत डोंगराला लांब, सलग फटकारे. दरडावणाऱ्या डोंगराला आखूड, जाड, एकमेकांवर आदळणारे. एकदा मारलेला फटकारा परत घासू नका.

घरांवर उजेड

डोंगर वाळला की घरांच्या उजेडातल्या भिंती आणि छपरं घ्या. अर्ध्या इंचाचा फ्लॅट ब्रश यासाठीच आहे. त्याच्या रुंदीएवढी भिंत एका फटकाऱ्यात येते आणि कड आपोआप सरळ मिळते. प्रत्येक घर तीन रंगांत संपवा: उजळ भिंत, सावलीतली भिंत, छप्पर. वाक्यात ऊबदार छपराला मान दिला असेल तर क्रिमसन, लेमन यलो आणि थोडा सिएना यांचा खणखणीत नारिंगी फक्त त्या एका छपरावर ठेवा, बाकीच्या छपरांत त्याला थोडा निळा घालून मंद करा. चोहीकडे पेटते रंग असले तर एकही पेटत नाही.

खिडक्या सगळ्यांत शेवटी, आणि मोजक्याच. मुख्य घराला दोन-तीन, शेजारच्याला एखादी, मागच्यांना नाहीत. खिडकी म्हणजे गडद ठिपका, चौकट काढायची गरज नाही. सगळ्यांत कडक कड आणि गडद-फिकटाचा सगळ्यांत मोठा फरक मुख्य घराजवळ असू द्या. घर जिथे जमिनीला टेकतं तिथली कड मात्र बोटाने किंवा कापडाने थोडी पुसट करा.

सुरी आणि रेघ

पेंटिंग नाइफ शेवटच्या टप्प्यात काढा. पात्याच्या खालच्या बाजूला घट्ट रंग घेऊन कड्यावर हलकेच ओढला की तो तुटक बसतो आणि खडकाचा पोत मिळतो. ओल्या रंगात सुरीच्या टोकाने ओरखडा काढला की खालचा ऊबदार तळरंग उघडा पडतो. कुंपण, वाट, दगडी भिंतीचे सांधे यासाठी हे फार उपयोगी आहे. पण सुरीचं काम दोन-तीन जागीच ठेवा.

म्युंटरच्या वाटेने जाणार असाल तर आता गडद निळ्या रंगाची रेघ. ती सगळीकडे सारख्या जाडीची नको. सावलीकडे जाड, उजेडाकडे बारीक आणि एखाद्या ठिकाणी तुटलेली.

पुढची जमीन हा चित्राचा भाग लवकर उरका. तिथे फुलं, दगड, गवताची पाती भरण्याचा मोह होतो आणि नजर घरांपर्यंत पोचतच नाही. मोठे तिरके फटकारे आणि एखादी सावली आडवी टाकली की झालं.

तपासणी

चित्राचा फोटो काढून तो फोनवर कृष्णधवल करा आणि पहिल्या आराखड्याशेजारी ठेवा. मागचा डोंगर आणि घरं एकाच राखाडीत मिसळली असतील तर डोंगर फिकट करा किंवा भिंत उजळ करा, रंग बदलू नका. मग चित्र उलटं धरून बघा. वजन एका बाजूला गेलं असेल तर लगेच जाणवतं. आणि शेवटी सुरुवातीचं वाक्य वाचा. त्या वाक्याला मदत न करणारी एखादी गोष्ट चित्रात असेल, कितीही छान जमलेली असली तरी, तिच्यावरून शेजारचा रंग फिरवून टाका.

हे झाल्यावर लगेच दुसरं चित्र सुरू करा: तोच आराखडा, तीच घरं, गडद-फिकटाचा तोच हिशेब, फक्त रंग पूर्ण वेगळे. पहिलं निळ्या-जांभळ्यात असेल तर दुसरं ऑकर आणि तांबड्यात घ्या, तळरंग म्हणून यावेळी अल्ट्रामरीन वापरा. रेखाटनाची चिंता संपलेली असल्यामुळे या दुसऱ्या चित्रात ब्रश बहुतेकांच्या हातात जास्त मोकळा चालतो.